घोडीकडून येणारा वंश
(प्रस्तावना)

ऑलिम्पिकच्या मैदानात ड्रेसेज पाहताना नजर आधी स्वारावर जाते, मग घोड्यावर. घोड्याचे नाव फलकावर झळकते, फार तर त्याच्या बापाचे नाव समालोचक सांगतो. त्याची आई कोण, हे विचारणारा प्रेक्षक क्वचितच भेटतो. या पुस्तकात हानोव्हर जातीच्या ड्रेसेज घोड्यांच्या वंशावळी मांडल्या आहेत, आणि त्या वाचताना वाचकाने हा प्रश्न पानोपानी विचारावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबवतो आहे.

ड्रेसेज ही घोड्याच्या शिक्षणाची परीक्षा. 60 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद अशा चौकटीत स्वार घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेतो. पियाफमध्ये घोडा जागच्या जागी दुडकी घेतो. पॅसाजमध्ये तीच दुडकी पुढे सरकते, पण प्रत्येक पाऊल क्षणभर हवेत रेंगाळते. पिरुएटमध्ये मागचे पाय जवळपास जागेवर ठेवून घोडा कॅन्टर या धावत्या चालीत पूर्ण गिरकी घेतो. पाचशे-सहाशे किलोंचे जनावर हे सारे करते ते आपला भार पुठ्ठ्यावर आणि मागच्या पायांवर तोलून. पुढचा भाग हलका झाला, तरच खांदे मोकळे होतात आणि पाऊल उचलले जाते. शिकवणीने हे साधते खरे, पण ज्याच्या मागच्या पायांचे सांधे नीट वाकत नाहीत, पाठ डोलत नाही आणि डोके पटकन तापते, त्याला कितीही चांगला शिक्षक मिळाला तरी एका मर्यादेपुढे नेता येत नाही. ती मर्यादा जन्माआधीच, घोडी आणि वळू यांची जोडी ठरवताना, बरीचशी ठरलेली असते. हानोव्हरच्या पैदासकारांनी तीन शतके याच कामात डोके घातले आहे.

या कथेची सुरुवात राजाच्या हुकमाने होते. दुसरा जॉर्ज हा ब्रिटनचा राजा आणि त्याच वेळी हानोव्हरचा सत्ताधीश. त्याचा जन्मही हानोव्हरचाच. 1735 मध्ये त्याने आल्लर नदीकाठच्या त्सेले गावात सरकारी अश्वपैदास केंद्र उघडले. सुरुवातीचे वळू होल्स्टाइन प्रांतातून आणलेले, काळ्या रंगाचे होते. राजाने घोडे पाळावेत यात नवल काहीच नव्हते, युरोपातला प्रत्येक राजा पाळत होता. त्सेलेचे वेगळेपण व्यवस्थेत होते. सरकारने फक्त वळू सांभाळायचे, घोड्या शेतकऱ्यांच्या दावणीलाच राहायच्या. वसंत आला की त्सेलेचे वळू गावोगावच्या ठाण्यांवर पाठवले जात, शेतकरी आपली घोडी तिथे घेऊन येई, अल्प शुल्क भरी आणि फळवून परत नेई. हंगाम संपला की वळू त्सेलेला परतत.

या एका निर्णयाचा परिणाम फार खोल झाला. उत्तम वळू विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कुणब्यालाही उत्तम वळूचे शिंगरू मिळू लागले. घोडी मात्र त्याची स्वतःची. एल्ब आणि व्हेझर नद्यांच्या खोऱ्यातल्या जड, ओलसर जमिनीत ती नांगर ओढायची, रविवारी गाडीला जुंपली जायची आणि शिंगरूही द्यायची. अशा घोडीची पारख शेतकरी रोजच करत असे. जी दुसऱ्या दिवशी लंगडते, जी चारा खाऊनही अंगी लागू देत नाही, जी पोराबाळांना लाथ मारते, तिची मुलगी तो पुढे ठेवत नसे. हानोव्हर घोड्याच्या शांत, कष्टाळू स्वभावाचे कौतुक आज जगभर होते. माझ्या मते त्याचे मोठे श्रेय या नांगराच्या घोड्यांना आणि त्यांना राखणाऱ्या शेतकऱ्यांना जाते. राजाचा हुकूम कागदावर टिकला. त्या घोड्यांची नावे मात्र कुठे नोंदली गेली नाहीत.

नोंदी पुढे सुरू झाल्या आणि एकदा सुरू झाल्यावर काटेकोर झाल्या. नेपोलियनच्या युद्धांत त्सेलेच्या तबेल्यांची मोठी हानी झाली. नंतर पुन्हा उभारणी झाली तेव्हा इंग्लिश थरोब्रेडचे, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचे, रक्त सढळ हाताने घातले गेले, इतके की काही काळाने घोडे शेतीच्या कामाला हलके पडू लागले आणि पैदासकारांना हात आखडावा लागला. 1844 मध्ये कायदाच झाला की तपासणी समितीने पसंत केलेला वळूच पैदाशीला वापरता येईल. 1888 मध्ये वंशनोंदीचे पहिले पुस्तक निघाले. 1922 मध्ये हानोव्हर घोडा पाळणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. त्याचे मुख्यालय आज फेर्डेन गावात आहे, तेही आल्लर नदीच्याच काठी. त्सेलेला वळू आणि फेर्डेनला नोंदवही, अशी ही कामाची वाटणी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या जातीपुढे जगण्यामरण्याचा प्रश्न आला. सैन्याला घोडे नको झाले आणि शेतात ट्रॅक्टर आला. ज्या दोन गिऱ्हाइकांसाठी दोनशे वर्षे घोडा घडवला, ती दोन्ही एकदमच नाहीशी झाली. अनेक शेतकऱ्यांनी घोड्या विकल्या. जे उरले त्यांनी ठरवले की आता फक्त स्वारीचा घोडा काढायचा. त्यासाठी जड हाडाच्या घोडीवर हलके, तेज रक्त आणणे भाग होते, आणि ते दोन वाटांनी आले.

एक वाट थरोब्रेडची. जर्मन वंशावळींत थरोब्रेडच्या नावापुढे दोन बारीक एक्स अक्षरे लावतात. ही अक्षरे या पुस्तकात जागोजागी दिसतील. डेर ल्योव्हे, पिक आस, ब्लॅक स्काय, लॉरीज क्रुसेडर ही त्यांतली मोठी नावे. थरोब्रेड देतो ती उमेद, लांब श्वास, कोरीव बांधा. पण त्याची दुडकी बहुधा सपाट, जमिनीलगतची असते आणि डोके चटकन तापते. त्यामुळे हा मसाला किती घालायचा हे पैदासकाराच्या हातावर असते. 1975 साली जन्मलेला बोलेरो हे त्या हाताच्या अंदाजाचे सुंदर उदाहरण आहे. त्याचा बाप ब्लॅक स्काय थरोब्रेड आणि आईचा बापही थरोब्रेडच. इतके तेज रक्त असूनही त्याच्या वंशाला ड्रेसेजला लागणारी चाल आणि ऐकण्याची वृत्ती मिळाली. त्याच्या मुलाची, ब्रेंटानो दुसरा याची, मुलगी ब्रेंटिना हिने अमेरिकेच्या डेबी मॅक्डोनल्डसह 2003 ची विश्वचषक अंतिम फेरी जिंकली आणि पुढच्या वर्षी अथेन्समध्ये सांघिक कांस्यपदक मिळवले. ब्रेंटिना घोडी होती, हे इथे मुद्दाम सांगतो.

दुसरी वाट अतिशय दुःखाची आहे. पूर्व प्रशियातल्या ट्राकेनेन येथे स्वारीच्या घोड्यांची नामांकित पैदास होती. 1944 च्या शरद ऋतूत रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा ते केंद्र रिकामे करण्यात आले, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या प्रदेशातली खाजगी घोडी-शिंगरे गाड्यांना जुंपून, बर्फातून पश्चिमेकडे निघाली. फार थोडी पोहोचली. वाचलेल्या ट्राकेनर वळूंमध्ये 1942 साली जन्मलेला आबग्लान्त्स होता. त्सेलेच्या पैदाशीत तो वापरला गेला. त्याचा मुलगा आबझात्स 1960 चा. ही दोन नावे वाचकाने लक्षात ठेवावीत, कारण पुढे जे सांगायचे आहे ते यांच्यावरच उभे आहे.

हानोव्हरमध्ये शिंगराचे नाव ठेवण्याचा एक नियम आहे. बापाच्या नावाचे पहिले अक्षर मुलाला मिळते, मुलीलाही मिळते. त्यामुळे नाव ऐकताच जाणकाराला बापाची रेषा कळते. ट्राकेनर पैदासकार नेमके उलट करतात, त्यांच्याकडे अक्षर आईचे चालते. हानोव्हरचा नियम सोयीचा आहे, पण त्याने एक गोष्ट झाकली जाते, आणि ती किती मोठी आहे हे दोन वंशावळी शेजारी ठेवल्या की दिसते.

पहिली वेल्टमायरची. जन्म 1984, तांबूस रंग, 1986 मध्ये फेर्डेनच्या वळूनिवडीचा विजेता. त्याच्या तरंगत्या दुडकीने एका पिढीच्या पैदासकारांना वेड लावले. बाप वर्ल्ड कप पहिला, त्याचा बाप वोएरमान, म्हणजे डब्ल्यू अक्षराची ही प्रसिद्ध रेषा. सगळीकडे वेल्टमायरचा उल्लेख याच रेषेने होतो. आता तक्त्याच्या खालच्या भागात बघा. आईचे नाव आंका, आणि आंकाचा बाप आबझात्स.

दुसरी डी नीरोची. जन्म 1993, बाप डॉनरहाल. डॉनरहाल मूळचा ओल्डेनबुर्ग या दुसऱ्या जर्मन जातीच्या वंशनोंदीतला. कारिन रेहबाइन या स्वारासह तो 1994 आणि 1998 च्या जागतिक स्पर्धांत सुवर्णविजेत्या जर्मन संघात होता, आणि हानोव्हरच्या पैदाशीतही त्याला मोकळे दार मिळाले. त्याचा मुलगा डी नीरो पुढे जगातल्या ड्रेसेज वळूंच्या क्रमवारीत अव्वल ठरला. डी नीरोचा मुलगा डेस्पेराडोस रिओच्या 2016 च्या ऑलिम्पिकमध्ये क्रिस्टिना ब्रोरिंग-श्प्रेहे हिच्यासह सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य घेऊन आला. डी अक्षराची ही रेषा आज ड्रेसेजच्या जगात सर्वत्र भेटते. पण डी नीरोची आई आलिकान्ते. तिचा बाप आक्त्सेंट दुसरा. आणि आक्त्सेंट दुसरा हा कुणाचा मुलगा? पुन्हा आबझात्सचा.

म्हणजे दोन वेगळ्या रेषांचे म्हणून ओळखले जाणारे हे दोन मोठे वळू आईच्या बाजूने एकाच घरचे आहेत. दोघांतही युद्धातून वाचलेल्या आबग्लान्त्सचे रक्त आहे. वेल्टमायरमध्ये हिशेबाने एक अष्टमांश, डी नीरोमध्ये एक षोडशांश. दोघांच्या नावातून ते ए अक्षर पुसले गेले, कारण ते आईकडून आले होते. मी असे म्हणत नाही की त्यांचे सारे यश आबझात्सचे आहे. वंश इतका सरळ चालत नाही, आणि एका पूर्वजाच्या डोक्यावर सगळा मुकुट ठेवणे हा पैदासकारांचा जुना रोग आहे. माझे म्हणणे एवढेच की केवळ बापाची रेषा पाहून घोडा समजल्याचा दावा करणारा निम्मा तक्ता न वाचताच बोलतो.

घोडीकडे बघण्याची गरज आणखी एका कारणाने आहे. ड्रेसेजमधले कित्येक थोर हानोव्हर घोडे खच्ची केलेले होते. जर्मन स्वार इझाबेल वेर्टचा जिगोलो घ्या. 1983 चा जन्म, बाप ग्रादित्स. 1992, 1996 आणि 2000 अशा तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून चार सुवर्ण आणि दोन रौप्य. तो खच्ची. तिचाच सॅचमो, बीजिंगला सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य. तोही खच्ची. हॉलंडच्या आंकी व्हान ग्रुन्स्व्हेनला 2004 आणि 2008 असे लागोपाठ दोनदा वैयक्तिक सुवर्ण मिळवून देणारा सालिनेरो, बाप सालिएरी, आईचा बाप लुंगाऊ. तोही खच्चीच. खच्ची घोडा स्वभावाने स्थिर राहतो, प्रवासात आणि गर्दीत सांभाळायला सोपा जातो, म्हणून स्वारांची पसंती त्याला असते. पण त्याच्यापासून शिंगरू मिळत नाही. अशा घोड्याचे गुण पुढच्या पिढीत हवे असतील, तर त्याच्या आईकडे, बहिणींकडे आणि मावश्यांकडे जावे लागते. हानोव्हरच्या वंशनोंदीचा खरा उपयोग इथे होतो. घोडा संपला तरी त्याचे गोत वहीत सापडते.

आणि ही नोंद नुसत्या नावांची नाही. घोडी तीन वर्षांची झाली की मालक तिला तपासणीसाठी घेऊन येतो. तिला आखलेल्या त्रिकोणी वाटेवरून लगाम धरून चालवतात, मग दुडकीने पळवतात. परीक्षक ठरल्या जागी उभे असतात. घोडी त्यांच्याकडे येताना पाय सरळ पडतात की आत-बाहेर फेकले जातात ते दिसते. दूर जाताना मागच्या पायांचा जोर दिसतो. बाजूने जाताना पावलाची लांबी कळते. साध्या चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाला ओलांडून किती पुढे पडतो, याकडे जाणत्यांचे बारीक लक्ष असते. प्रेक्षक दुडकीवर टाळ्या वाजवतात, कारण ती डोळ्यांत भरते. पण दुडकी शिकवणीने बरीच सुधारता येते. चार ठोक्यांची साधी चाल बिघडवणे सोपे आणि सुधारणे फार अवघड. म्हणून जुने पैदासकार घोडीची चाल आधी पाहतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

यानंतर घोडीची कामगिरी तपासली जाते. तीन चाली, मोकळी उडी, आणि अनोळखी परीक्षक-स्वार पाठीवर बसल्यावर ती किती ऐकते, या सर्वांना दहापैकी गुण मिळतात. वळूंची चाळण याहून कडक. अडीच वर्षांच्या वयात फेर्डेनला निवड, त्याआधी वैद्यकीय तपासणी आणि सांध्यांची क्ष-किरण चित्रे, मग परीक्षा. पुढे शिंगरे मोठी झाली की त्यांचे गुण बापाच्या आणि आईच्या खात्यावर जमा होतात. संख्याशास्त्राने काढलेला पैदासमूल्यांक दरवर्षी बदलतो. त्यात 100 म्हणजे सरासरी. दहा वर्षांपूर्वी ज्याची शिंगरे भराभर विकली गेली असा वळू आज आकड्यात खाली घसरलेला दिसतो, तर गाजावाजा न झालेला एखादा हळूहळू वर चढतो. या शिस्तीमुळेच हानोव्हरला दार उघडे ठेवता आले. बाहेरचा वळू चालतो, अट एकच, तो परीक्षेला उतरला पाहिजे. शुद्ध रक्ताचा आग्रह धरणाऱ्या अनेक जाती आकसत गेल्या. ही जात वाढली, कारण तिने रक्ताच्या शुद्धतेपेक्षा नोंदीच्या शुद्धतेचा आग्रह धरला.

धोके आहेतच, आणि ते लपवू नयेत. पूर्वी एक वळू एका हंगामात मोजक्या घोड्यांपर्यंत पोहोचे. आज कृत्रिम रेतनामुळे एका लोकप्रिय वळूचे वीर्य जगभर जाते, आणि पाच-सात नावे प्रत्येक वंशावळीत पुन्हा पुन्हा दिसू लागली आहेत. त्याचा एक परिणाम सर्वांना हादरवून गेला. युरोपीय स्वारी-घोड्यांमध्ये एक दोषयुक्त जनुक आहे. शिंगराला तो आई आणि बाप दोघांकडून मिळाला, तर त्याची त्वचा आणि सांध्यांचे बंध इतके कमकुवत राहतात की ते जगत नाही. पुष्कळदा गर्भच पडतो. हा दोष एकाच बाजूने मिळालेला घोडा मात्र पूर्ण निरोगी असतो, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या नजरेतून सुटला. साधारण दहा घोड्यांमागे एक त्याचा वाहक निघतो. दोन वाहकांची जोडी लावली, तर शिंगरू दगावण्याची शक्यता चारात एक. आता काही केस मुळासकट प्रयोगशाळेत पाठवले की वाहक कोण ते कळते, आणि वळूंची चाचणी होऊ लागली आहे. अकरा महिने घोडी सांभाळून मेलेले शिंगरू पाहण्याची पाळी कुणावर येऊ नये, यासाठी ही चाचणी प्रत्येक घोडीचीही व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा धोका डोळ्यांचा आहे. लिलावात तरुण घोड्याची भडक, उंच उचललेली दुडकी लाखो रुपयांनी भाव वाढवते. फेर्डेनचे लिलाव 1949 पासून चालू आहेत आणि जातीची आर्थिक बाजू त्यांनीच सावरली, हे मान्य करायला हवे. पण तीन वर्षांच्या वयात जो डोळे दिपवतो, तो तेरा वर्षांचा असताना पियाफमध्ये टिकेलच असे नाही. पैदास मैदानातल्या दहाव्या वर्षासाठी व्हावी.

मराठी वाचकाला या विषयात रस का असावा, हे वेगळे सांगण्याची गरज आता कमी झाली आहे. 2023 मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसेजचे सांघिक सुवर्ण जिंकले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला हे बाकीचे तिघे. युरोपात राहून, युरोपीय घोड्यांवर त्यांनी ही तयारी केली. इकडे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आजही जाणती माणसे घोड्याचे भोवरे, पायांचा रंग, कपाळावरचा ठिपका बघून सौदा करतात. त्या नजरेत पिढ्यांचा अनुभव आहे. पण तिथल्या देखण्या घोडीच्या आजीबद्दल विचारले, तर उत्तर तोंडी मिळते, आणि तेही दोन पिढ्यांपलीकडे जात नाही. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी घोड्यांची तीच गोष्ट. मराठा फौजांनी ज्यांच्या पाठीवर मुलूखगिरी केली आणि धनगरांनी ज्यांना आजवर सांभाळले, त्या घोड्यांचा वंश टिकला तो घोड्यांच्या काटकपणामुळे आणि धनगरांच्या निगराणीमुळे. नोंदीचे पाठबळ त्याला फार उशिरा मिळू लागले. दर्जाने आपली घोडी कमी होती असे मी मुळीच मानत नाही. हानोव्हरच्या शेतकऱ्याकडे होती आणि आपल्याकडे नव्हती ती नोंदवही.

या पुस्तकातले तक्ते नेहमीच्या पद्धतीने छापले आहेत, बाप वर आणि आई खाली. वाचकांना विनंती अशी की प्रत्येक तक्ता खालच्या अर्ध्या भागापासून वाचायला घ्यावा, आईच्या आईपर्यंत जावे आणि मगच वरच्या प्रसिद्ध नावाकडे वळावे. आणि ज्या वाचकांच्या दारात घोडी बांधलेली आहे, मग ती सारंगखेड्याहून आणलेली असो की भीमाकाठची, त्यांनी एक साधी वही सुरू करावी. त्यात तिच्या प्रत्येक शिंगराची जन्मतारीख, बापाचे नाव, रंग, अंगावरच्या खुणा आणि ते पुढे कुणाकडे गेले, एवढे तरी याच हंगामापासून लिहून ठेवावे.